मुंबईत उकडतं, नागपुरात भाजतं

आमच्या ओळखीतलं एक कुटुंब नागपूरहून बदली होऊन ठाण्याला राहायला आलं. सामानाच्या ट्रकमध्ये फ्रिजच्याही आधी चढला तो कूलर: पत्र्याचा, गुडघाभर टाकीचा, तिन्ही बाजूंना खसाच्या ताट्या लावलेला. नागपुरात पंचेचाळीस अंशांच्या दुपारी या कूलरसमोर मुलं चादर ओढून झोपायची. ठाण्यात मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी तो सुरू केला. पारा होता जेमतेम पस्तीस. दोन तासांत गादी दमट झाली, डब्याबाहेर राहिलेले पापड मऊ पडले, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडा वळल्या, आणि माणसं मात्र तशीच घामानं निथळत बसली. प्रवासात बिघडला असेल म्हणून मेकॅनिक बोलावला. मेकॅनिक ठाण्याचा. त्यानं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "काका, कूलर ठीक आहे. हवा वेगळी आहे."

हवा वेगळी आहे. प्रादेशिक हवामान आणि लोकांचं आरोग्य यांच्या नात्याबद्दल मी बरंच वाचलंय, पण त्याच्यापेक्षा नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

महाराष्ट्र हे एक हवामान नाहीच. एकट्या सातारा जिल्ह्याचं बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशात, ५००च्या आसपास. सह्याद्री ढगांना अडवतो, पिळून घेतो आणि पलीकडे रिकामे सोडतो. त्या पलीकडच्या पट्ट्याला आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो. छाया म्हटलं की गारवा आठवतो, इथे मात्र ती दुष्काळाची. एका जिल्ह्यात दोन हवा असतील तर दोन्हीकडचे आजार एकसारखे कसे असतील?

गंमत म्हणजे आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. मुंबईकर म्हणतो, "काय उकडतंय!" विदर्भातला माणूस म्हणतो, "ऊन भाजून काढतंय." मोदक उकडतात, भाकरी भाजतात. एकात वाफेचा ताप, दुसऱ्यात कोरडा. दोन्हींत पदार्थ शिजतोच, पण शिजण्याची रीत वेगळी. माणसाचंही तसंच होतं.

घाम येणं आणि घाम वाळणं

शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावं लागतं, आणि त्वचा त्याहून थोडी थंड, साधारण ३५. बाहेरची हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्वचेहून गरम झाली की हा रस्ता बंद, उलट बाहेरची उष्णता आत यायला लागते. मग शरीराकडे एकच हत्यार उरतं, घाम.

इथे एक गैरसमज बहुतेकांचा असतो. घाम येण्यानं शरीर थंड होत नाही, घाम वाळण्यानं होतं. एक लिटर घाम त्वचेवरून वाळून गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. तोच घाम कपाळावरून टपकून जमिनीवर पडला तर फुकट गेला. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता तिथेच. लोकलच्या डब्यात शर्ट पिळून काढण्याइतका भिजतो आणि तरी जीव कासावीस होतो, त्याचं कारण हेच. हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी घ्यायला तिच्यात जागा नसते.

माठाचा अनुभव आठवा. विदर्भात मे महिन्यात माठातलं पाणी दात शिवशिवावं इतकं गार असतं. मुंबईत तोच माठ पाण्याला फार तर कोमट होऊ देत नाही. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळतं, वाळताना आतली उष्णता नेतं. माठ, कूलर आणि माणूस, तिघेही एकाच तत्त्वावर चालतात.

हे मोजायची जुनी, साधी युक्ती आहे. तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्यावरून वारा जाऊ द्यायचा. पाणी वाळेल तसा पारा उतरतो आणि एका आकड्यावर थांबतो. हवामानशास्त्रात याला वेट बल्ब तापमान म्हणतात. आपण ओल्या फडक्याचा पारा म्हणू. हवा ४५ अंशांची पण आर्द्रता १५ टक्के असेल, तर हा पारा साधारण २४ वर थांबतो. हवा ३५ अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तो ३० च्या आसपासच अडकतो. म्हणजे घामाच्या हिशेबानं ठाण्याची ३५ ही नागपूरच्या ४५ पेक्षा वाईट. कूलर कितीही महागडा घ्या, या आकड्याच्या खाली तो हवा थंड करूच शकत नाही.

ओल्या फडक्याचा पारा ३५ ला पोचला तर सावलीत, पंख्याखाली, नुसतं बसलेलं धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतं, असं शास्त्रज्ञ बरीच वर्षं गणितावरून सांगत होते. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठानं तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष प्रयोग केले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार दमट हवेत ही मर्यादा ३१ च्या जवळच येते. म्हातारी माणसं, हृदयविकार असलेले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, त्यांची त्याहूनही आधी.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात मोठा सरकारी सोहळा झाला. लाखो लोक तासन्‌तास उन्हात बसले होते. पारा ३८च्या आसपास होता. उष्माघातानं १४ जण गेले. चंद्रपूरच्या माणसाला ३८ म्हणजे एप्रिलमधला बरा दिवस. पण खाडीकाठच्या हवेत, डोक्यावर काही नसताना, गर्दीत दाटीवाटीनं बसून ३८ म्हणजे काय, हे त्या दिवशी कळलं.

भारतीय हवामान विभागाचे निकषही प्रदेशानुसार वेगळे आहेत. मैदानी भागात पारा ४० वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त गेला की उष्णतेची लाट जाहीर होते. किनाऱ्यावर ३७ पुरतात. पण हे निकष फक्त तापमानाचे. कोकणासाठी विभाग हल्ली 'उष्ण आणि दमट हवामान' असा वेगळा इशाराही देतो. तो बातमीत शेवटी येतो आणि लोक तो 'नेहमीचंच' म्हणून सोडून देतात. मला विचाराल तर कोकणपट्टीत तोच इशारा आधी वाचावा.

विदर्भाचं ऊन

आता भाजण्याकडे. कोरड्या हवेत घाम इतक्या लवकर वाळतो की आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही. संध्याकाळी गडद शर्टाच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात, तेव्हा उमजतं. शरीर थंड राहतं खरं, पण त्याची किंमत पाण्यात आणि मिठात मोजावी लागते. तेवढं पाणी परत पोटात गेलं नाही तर रक्त घट्ट होतं, हृदयाला जोर लावावा लागतो, आणि मूत्रपिंडं हात आखडता घेतात. लघवी कमी, गडद, जळजळीची होते. याला आपल्याकडे शब्द आहे: उन्हाळी लागणं. ऋतूचं नावच आजाराला दिलेलं. घरोघरी त्यावर धण्याचं पाणी, सब्जा, ताक देतात. उन्हाळी हा शरीराचा पहिला निरोप असतो आणि तिथेच पाणी वाढवलं तर पुढचं टळतं. उन्हात राबणाऱ्या बाया मात्र उलट करतात. जवळपास आडोसा किंवा संडास नसतो, म्हणून त्या पाणीच कमी पितात. उन्हाळी मग दरवर्षीची होऊन बसते.

पंख्याचंही असंच स्थलकालानुसार बदलतं. दमट उकाड्यात पंखा उपयोगी. अंगाभोवतीची वाफाळलेली हवा तो हलवतो आणि घाम वाळायला मदत करतो. पण ४५-४७ अंशांच्या सुक्या हवेत कोरड्या अंगावर पंखा लावणं म्हणजे भट्टीचा भाता मारणं. वारा अंगाला उष्णता देतो ती घाम नेतो त्याहून जास्त. तिथे आधी अंग ओलं करावं, किंवा ओला पंचा खांद्यावर टाकावा, मग पंखा. विदर्भातल्या मुली स्कूटीवर दुपट्ट्यानं अख्खं तोंड गुंडाळतात, त्याला बाहेरचे लोक हसतात. त्या गरम झळा अडवत असतात आणि चेहऱ्याजवळ थोडी दमट हवा धरून ठेवत असतात. (खिशातल्या कांद्याचं मात्र शास्त्र मला सापडलं नाही. पण कांदा ठेवायचा म्हणून टोपी आणि पाण्याची बाटलीही आठवत असेल, तर ठेवा बापडे.)

खिडक्यांचा सल्लाही घ्या. विदर्भात सकाळी नऊला दारं-खिडक्या बंद करून, पडदे ओढून, रात्री उघडायच्या. जुन्या घरांची रीत तीच. मुंबईच्या खोलीत दुपारी खिडक्या बंद केल्या तर वाफच कोंडेल. त्यामुळे राज्यभर एकच भित्तिपत्रक छापून लावण्यात काय हशील, असं मला दर मार्चमध्ये वाटतं.

गावागणिक आकडा शोधावा लागतो, हा धडा आपल्याला अहमदाबादनं दिला. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ वर गेला. नंतर मृत्यूंची नोंद तपासली तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त गेल्याचं दिसलं. यातल्या थोड्यांच्याच दाखल्यावर उष्माघात लिहिला होता. बाकीच्यांवर हृदयविकार, मेंदूचा झटका, मूत्रपिंड निकामी. ऊन असंच मारतं, दुसऱ्याच्या नावावर. २०१३ मध्ये अहमदाबादनं आपल्या शहराचा उष्णता कृती आराखडा आणला: कोणत्या आकड्याला कोणत्या रंगाचा इशारा, दवाखान्यात बर्फ कुठे, पाणपोया कुठे. पुढे नागपूरसह बऱ्याच शहरांनी तो रस्ता धरला. यातला गाभ्याचा भाग म्हणजे, इशाऱ्याचा आकडा त्या शहराच्या मृत्यूंच्या नोंदीवरून ठरवायचा, दिल्लीहून आलेल्या परिपत्रकावरून नाही.

आणि रात्री विसरू नका. दिवसभर तापलेलं शरीर रात्री सावरतं. पत्र्याच्या खोलीत पहाटे तीनलाही ३२-३३ अंश असतील तर सावरायला वेळ मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचं ऊन कालच्या उरलेल्या उन्हावर चढतं. मुंबईच्या झोपडपट्टीत आणि नागपूरच्या बाहेरच्या वस्त्यांत, या एका बाबतीत हवा सारखीच आहे.

कोरड्या गावात डासांचा ताप

पुन्हा त्या कूलरकडे येऊ, म्हणजे त्याच्या टाकीकडे.

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारी एडिस डासीण गटारातल्या घाण पाण्यात वाढत नाही. तिला स्वच्छ, साठलेलं, सावलीतलं पाणी लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. कडा घासायला हव्यात. जूनमध्ये झाकून ठेवलेला कूलर पुढच्या मार्चला काढून पाणी भरलं, तर गेल्या वर्षीची पिल्लावळ निघू शकते.

आता विचार करा, पाणी साठवतं कोण? ज्याला रोज मिळत नाही तो. लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या गाडीचं नाव जलदूत. अशा भागात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, टँकरची वेळ सांगता येत नाही, आणि घरात पिंप, रांजण, हंडे, हौद, जे मिळेल ते भरून ठेवलेलं असतं. त्याला झाकण असतंच असं नाही. डेंग्यू हा पावसाचा आजार असं आपण धरून चालतो. मराठवाड्यात तो टंचाईचाही आजार आहे. कोरडा दिवस पाळा म्हणून सांगायला गेलेल्या आशाताईंना एखादी बाई विचारते, "पाणी ओतून दिलं तर पुढं काय प्यावं?" याला उत्तर आरोग्य खात्याकडे नाही, पाणीपुरवठा खात्याकडे आहे. तोपर्यंत निदान पिंपावर घट्ट बांधलेलं जुनं धोतर किंवा ओढणी.

याचा जुना दाखलाही इथलाच आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. गावातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणूस सांधे धरून बसला होता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, तिचा अभ्यास केला. त्यानंतर हा आजार देशातून जणू नाहीसा झाला. आणि ३२ वर्षांनी, २००५ च्या अखेरीला, आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात परत उगवला. २००६ मध्ये देशभरात जवळपास १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. बार्शी कोकणात नाही, कोरड्या पट्ट्यात आहे, हे लक्षात ठेवा.

पाऊस आणि डेंग्यू यांचं नातंही सरळ नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुण्यातल्या डेंग्यूचा हवामानाशी ताळा घातला, तो अभ्यास २०२५ च्या जानेवारीत आला. तापमान २७ अंशांच्या वर, पावसाळ्यातली आर्द्रता ६० ते ७८ टक्के, आणि पाऊस मध्यम पण दिवसांवर नीट विभागलेला, अशा वर्षी डेंग्यू फोफावतो. उलट आठवड्याला १५० मिलिमीटरच्या वर झोडपून पडला तर कमी होतो, कारण अंडी-अळ्या वाहून जातात. थोडक्यात मुसळधार पाऊस डासाला नको असतो. त्याला हवी असते श्रावणासारखी हवा, क्षणात सरसर, क्षणात ऊन. ज्या हवेवर आपण कविता करतो, नेमकी ती. आणि गरमी वाढली की डासाच्या पोटात विषाणू लवकर तयार होतो, डासीण मरण्याआधी जास्त लोकांना चावून घेते.

मान्सून बेभरवशाचा होतोय म्हणजे काय, याचा अर्थ शेतकऱ्याला उघडीप लांबल्यावर कळतो. आरोग्य खात्यानंही उघडिपीकडे तसंच बघायला हवं.

हिवतापाचं थोडक्यात सांगतो. राज्यात त्याचे दोन बालेकिल्ले, गडचिरोली आणि मुंबई, आणि दोन्हींत साम्य काही नाही. गडचिरोलीत तो जंगलातल्या ओढ्यांच्या डबक्यांतून आणि भातखाचरांतून येतो, मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांतून आणि बांधकामांवर साठलेल्या पाण्यातून. मुंबईचा डास वेगळा, ॲनॉफिलीस स्टीफन्सी, शहराला सरावलेला. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला, तेव्हा बोट ठेवलं ते घराघरांतल्या विहिरींवर. विहिरी बुजवायच्या किंवा झाकायच्या म्हटल्यावर धर्माचा प्रश्न उभा राहिला. पूजेला विहिरीचंच पाणी हवं होतं. जंगलपट्ट्यात हिवताप इतका जुना आहे की तो रक्तात उतरलाय. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आदिवासी समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण जास्त आहे. आईबापांपैकी एकाकडूनच हा गुण आला तर तो गंभीर हिवतापापासून वाचवतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकला. दोघांकडून आला तर आयुष्यभराची दुखणी.

कोकणचा चिखल, कोकणचा काजू

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एका शहराच्या दोन टोकांचं हे अंतर. पाणी ओसरल्यावर थोड्या दिवसांनी दवाखान्यांत तापाचे रुग्ण यायला लागले: अंग मोडून येणं, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, काहींना कावीळ. लेप्टोस्पायरोसिस. कोकणात आता कुणी पूर्ण नाव घेत नाही, नुसतं 'लेप्टो'.

हा जिवाणू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून बाहेर पडतो आणि पायाला खरचटलं असेल, भेगा असतील, तिथून माणसात शिरतो. उंदीर सोलापुरातही आहेत, मग तिथे लेप्टो इतका का नाही? कारण जिवाणूला ओल लागते. ओलसर मातीत, साठलेल्या पाण्यात तो आठवडेच्या आठवडे जगतो. कोरड्या, तापलेल्या मातीत लवकर मरतो. कोकणातल्या भातशेतीत जून-जुलैला चिखलणी आणि लावणी चालते. माणूस दिवसभर अनवाणी पोटरीपर्यंत चिखलात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडलेल्या. जिवाणूला याहून सोयीचं दार कोणतं? म्हणून पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर आणि लावणीच्या हंगामात डॉक्टर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, त्या नाकारू नयेत. (स्वतःहून मात्र घेऊ नयेत, गरोदर बाया आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत.) लक्षणं साधारण पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. तोवर पुराची आठवण मागे पडलेली असते. ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगायचं, "मी पाण्यातून चाललो होतो."

पावसात लेप्टो, तर पाऊस संपल्यावर दोडामार्ग-सत्तरीकडे माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, तेव्हा हा विषाणू सापडला. म्हणून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. तो पसरतो गोचिडींमधून. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्यानं डोकं वर काढलं. पावसाळा संपला, पाला वाळला की गोचिडींची पिल्लं पाचोळ्यात पसरतात. डिसेंबर ते मे हा त्यांचा हंगाम. आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्याच पाचोळ्यातून वाकून काजूची बोंडं वेचायची असतात. गोव्यातल्या माकडतापाचा अभ्यास झाला तेव्हा काजू कामगारांचं नाव ठळकपणे पुढे आलं. गोचिडीचा हंगाम आणि काजूचा हंगाम हवामानानंच एकमेकांवर आणून ठेवलेत. काजू वेचू नका, हा सल्ला देणाऱ्यानं वर्षाचं घर चालवून दाखवावं. पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला लावायचं गोचीड पळवणारं तेल, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात, एवढं होऊ शकतं. आणि बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता त्याच दिवशी कळवायचं.

पाण्याचं एक उदाहरण देऊन आवरतं घेतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते खडकातूनच येतं. पाऊस कमी पडला की विंधनविहीर आणखी खोल जाते आणि खोलवरच्या पाण्यात ते बऱ्याचदा जास्त असतं. मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, म्हाताऱ्यांचे सांधे आखडतात. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा पर्यायच नसेल तर १.५ पर्यंत. पण मे महिन्यात चंद्रपूरचा शेतमजूर थंड प्रदेशातल्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट पाणी पितो, म्हणजे फ्लोराइडही तितकंच जास्त पोटात जातं. अमेरिकेनं १९६२ मध्येच पाण्यातल्या फ्लोराइडचा आकडा गावाच्या तापमानाला जोडला होता: थंड गावाला १.२, उष्ण गावाला ०.७. आपण ते पाणी ४५ अंशांत पितो आणि आकडा मात्र सगळ्या देशाला एक.

तुमच्या फोनवर हवामान दिसतं तिथे तापमानाशेजारी आर्द्रतेचा आकडाही असतो. किनाऱ्यावर राहत असाल तर आधी तो बघा; घाटाच्या वर असाल तर रात्रीचं किमान तापमान बघा. शेतावर कामाला माणसं लावत असाल, सोसायटीत रंगकाम काढलं असेल, लग्नाचा मांडव उघड्यावर घालायचा असेल, तर नक्कीच.

ठाण्याच्या त्या कुटुंबानं शेवटी कूलर बाल्कनीत ठेवला आणि त्यावर तुळशीची कुंडी मांडली. टाकी कुणाच्या लक्षात राहिली नाही. पावसाळ्यात डास तपासणीवाला मुलगा आला, कुंडी उचलून बाजूला ठेवली, टॉर्च मारला आणि म्हणाला, "काकू, हे बघा." तळाशी बोटभर पावसाचं पाणी होतं, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या.